एका जीवाचे दोन करणारा प्राध्यापक: सिमोन श्वेंडेनर आणि दगडफुलाचं घराणं

गोडा मसाला करायला घेतला की धणे, खोबरं, तीळ यांच्यासोबत एक गोष्ट कढईत पडतेच. दगडफूल. काळपट-करडं, चुरगाळलेल्या कागदासारखं. कच्चं हुंगलं तर फारसं काही जाणवत नाही, पण गरम तेलात पडलं की घरभर वास सुटतो. नावात फूल असलं तरी ते फूल नाही. दगडावर उगवतं, झाडाच्या सालीवरही उगवतं. वनस्पती म्हणावी तर मूळ नाही, खोड नाही, पानही नाही.

मग हे आहे तरी काय?

शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात, त्या जोडगोळीला शैवाक म्हणतात. शैवाल आणि कवक हे दोन्ही शब्द शैवाक या एका शब्दात डोकावतात. दगडफूल हे त्यातलंच एक.

वाचायला सोपी असलेली ही ओळ ज्या माणसानं सगळ्या शैवाकांच्या बाबतीत पहिल्यांदा ठामपणे मांडली, त्याला त्या काळातल्या नामांकित तज्ज्ञांनी वेड्यात काढलं होतं. काही जण तर मरेपर्यंत त्याचं म्हणणं मानायला तयार झाले नाहीत. आज डीएनए वाचून जगभरातल्या सुमारे २० हजार शैवाकांची वंशावळ लावली जाते, ती याच माणसाच्या ओळीवर उभी आहे.

त्याचं नाव सिमोन श्वेंडेनर.

शेतकऱ्याचा पोरगा, शाळामास्तर, मग प्राध्यापक

श्वेंडेनरचा जन्म १० फेब्रुवारी १८२९ चा. गाव स्वित्झर्लंडमधलं बुक्स, परगणा सांक्ट गालेन. घरची शेती. शिकून तो आधी शाळामास्तर झाला. पण वनस्पतींचा नाद सुटेना, म्हणून पुढे झुरिच विद्यापीठात शिकला आणि १८५६ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्याच वर्षी तो जर्मनीत म्युनिकला गेला, कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाचा सहायक म्हणून.

नेगेली म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ. आज मात्र त्याचं नाव निघतं ते एका वेगळ्याच कारणासाठी. वाटाण्याच्या प्रयोगांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल १८६६ च्या शेवटापासून याच नेगेलीला पत्रं लिहीत होता आणि नेगेलीला त्या प्रयोगांचं मोल कळलं नव्हतं. ती पत्रं सुरू झाली तेव्हा श्वेंडेनर अजून नेगेलीच्या हाताखालीच होता.

नेगेलीकडे श्वेंडेनर एक गोष्ट पक्की शिकला, ती म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. वरवर नजर टाकणं नव्हे. पातळ काप घ्यायचा, त्यातला एकेक धागा कुठून निघतो आणि कुठे जातो ते तासन्‌तास तपासायचं. पुढे दोघांनी मिळून सूक्ष्मदर्शकावर एक जाडजूड ग्रंथही लिहिला.

या सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं शैवाकं धरली. १८६० पासून तो शैवाकांच्या आतल्या रचनेवर टप्प्याटप्प्यानं लिहीत गेला.

हिरव्या गोळ्यांचं कोडं

शैवाकाचा पातळ काप काचेवर ठेवला की दोन गोष्टी दिसतात. एक, रंगहीन धाग्यांचं जाळं. दोन, त्या जाळ्यात अडकलेल्या हिरव्या गोळ्या. धागे हुबेहूब बुरशीसारखे. गोळ्या हुबेहूब शेवाळासारख्या.

आज वाटेल की यात कोडं कसलं? पण तेव्हा शैवाक हा एकच जीव आहे हे गृहीत धरलेलं होतं. स्वीडनच्या लिनियसनं १७५३ मध्ये त्याला माहीत असलेली बहुतेक सगळी शैवाकं एकाच प्रजातीत कोंबली होती. त्याचाच शिष्य एरिक अकारियस पेशानं डॉक्टर. त्यानं १७९८ ते १८१४ या काळात एकामागून एक ग्रंथ लिहून शैवाकांची नीट विभागणी केली. कोणतं दगडाला पापुद्र्यासारखं चिकटतं, कोणतं पानासारखं पसरतं, कोणतं झुडपासारखं वाढतं, त्यावरच्या वाट्या कशा दिसतात, अशा खुणांवरून त्यानं नावं दिली. शैवाकशास्त्राचा जनक म्हणून आजही अकारियसचंच नाव घेतात. पण त्याच्या लेखीही शैवाक म्हणजे एक स्वतंत्र जीव, गवत किंवा आंबा जसा स्वतंत्र तसाच.

मग हिरव्या गोळ्या आल्या कुठून? प्रचलित उत्तर होतं की त्या धाग्यांतूनच फुटतात. म्हणजे शैवाक स्वतःच आपला हिरवा भाग तयार करतं. गंमत म्हणजे श्वेंडेनरनंही आधी हेच लिहिलं होतं. त्याच्या सुरुवातीच्या लेखांत गोळ्या धाग्यांतून उगवतात असंच म्हटलेलं आहे.

पण तो बघत राहिला. आणि बघता बघता त्याला स्वतःचंच आधीचं म्हणणं पटेना.

या शंकेत तो एकटा नव्हता. जर्मनीतल्या अंतोन द बारी यानं १८६६ मध्ये चिकट, जेलीसारख्या शैवाकांबद्दल शंका काढली होती की यात नॉस्टॉक नावाच्या शेवाळावर बुरशीनं मुक्काम ठोकला असावा. रशियात फामिन्त्सिन आणि बारानेत्स्की या दोघांनी शैवाकातल्या हिरव्या गोळ्या बाहेर काढून पाण्यात वाढवल्या. त्या नुसत्या जगल्याच नाहीत, तर शेवाळासारखे पोहणारे बीजाणूही त्यांनी सोडले. पण या दोघांनी निष्कर्ष उलटा काढला. त्यांना वाटलं, आपण ज्यांना स्वतंत्र शेवाळं समजतो ती शैवाकाचीच सुटी झालेली अवस्था असावी. पुरावा हातात होता, पण तो उलट्या बाजूनं वाचला गेला.

१८६७ मध्ये श्वेंडेनर बाझेल विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ऱ्हाइन नदीकाठच्या राइनफेल्डन गावी स्विस निसर्गशास्त्र संस्थेची सभा भरली होती. तिथे ३८ वर्षांच्या श्वेंडेनरनं आपलं म्हणणं मांडलं. शैवाक हा एक जीव नाहीच. धागे बुरशीचे, गोळ्या शेवाळाच्या, आणि बुरशी त्या शेवाळावर जगते. एखादंच शैवाक असं आहे असं नाही, सगळीच तशी.

पुढच्या दोन वर्षांत त्यानं सविस्तर लिहिलं. १८६९ च्या पुस्तिकेत कोणत्या शैवाकात कोणत्या प्रकारचं शेवाळ सापडतं याची यादीच दिली. आणि तिथे त्यानं एक असं रूपक वापरलं की आग भडकली. बुरशी ही मालक आणि शेवाळ तिचे गुलाम, असं त्यानं चित्र रंगवलं. कोळी जसा भक्ष्याभोवती जाळं विणतो तशी बुरशी शेवाळाला वेढते. फरक इतकाच की कोळी भक्ष्याला मारतो, ही बुरशी गुलामांना जिवंत ठेवते आणि कामाला लावते.

तज्ज्ञ पेटून उठले

शैवाकांची नावं ठेवण्यात हयात घालवलेल्या मंडळींना हे सहन होणं शक्यच नव्हतं. पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा विल्यम नुलांडर हा त्यांतला सगळ्यात मोठा माणूस. हजारो शैवाकं त्याच्या डोळ्यांखालून गेलेली. १८६६ मध्ये त्यानंच शैवाकांवर रसायनांचे थेंब टाकून रंग बदलतो का ते बघायची पद्धत आणली. दिसायला सारखी पण आतून वेगळी शैवाकं त्यामुळे ओळखता येऊ लागली. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी शैवाकं टिकतात ती शहराच्या इतर भागांत दिसत नाहीत, म्हणजे हवा खराब असेल तिथे शैवाकं मरतात, हेही त्यानंच टिपलं. इतक्या बारीक नजरेचा माणूस, पण श्वेंडेनरच्या विचाराला त्यानं १८९९ मध्ये मरेपर्यंत विरोध केला.

ब्रिटनमधला जेम्स क्रोम्बी धर्मगुरूही होता आणि शैवाकांचा अभ्यासकही. त्यानं थट्टाच मांडली. जुलमी बुरशी मालक आणि त्याच्या तावडीत सापडलेली शेवाळकन्या, ही तर कादंबरीची गोष्ट झाली, अशी त्याची खिल्ली.

आता हा सगळा विरोध निव्वळ हट्ट होता का? काही अंशी होताच. शैवाक हा स्वतंत्र जीवच नसेल तर शैवाकशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र कसं राहणार? आयुष्यभर ज्याला नावं दिली तो जीव एका फटक्यात बुरशीच्या गोतावळ्यात ढकलला जाणार. वर श्वेंडेनर नावं ठेवणाऱ्यांपैकी नव्हता. शैवाकांच्या पेट्या त्यानं भरल्या नव्हत्या, काप घेतले होते. म्हणजे बाहेरून आलेला माणूस घरच्यांना सांगतोय की तुमच्या घरात दोन कुटुंबं राहतात.

पण विरोधकांचा एक मुद्दा वजनदार होता. परजीवी बुरशी ज्या जिवावर बसते त्याला पोखरते. गव्हावरचा तांबेरा घ्या किंवा कोणताही रोग घ्या. इथे तर शेवाळ वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं. मग हे परजीवीपण कसलं? या प्रश्नाचं उत्तर मालक-गुलामाच्या रूपकात नव्हतं. ते दुसऱ्यानं दिलं. द बारीनं १८७८ मध्ये कासेल इथल्या भाषणात वेगवेगळ्या जिवांच्या एकत्र राहण्याला सहजीवन म्हटलं आणि उदाहरण म्हणून शैवाकच पुढे केलं. आज जीवशास्त्रात पदोपदी वापरला जाणारा सहजीवन हा शब्द या भांडणातूनच रूढ झाला.

पुरावेही येत राहिले. माक्स रेस यानं १८७१ मध्ये शैवाकाच्या बुरशीचे बीजाणू नॉस्टॉकवर पेरले आणि धागे आत शिरताना पाहिले. फ्रान्सच्या एदुआर बोर्ने यानं १८७३ मध्ये कितीतरी शैवाकांत धागा आणि गोळी कुठे जुळतात ते दाखवून दिलं. एर्न्स्ट श्टाल यानं १८७७ मध्ये बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढवून प्रयोगशाळेत शैवाक तयार केलं. १८८७ मध्ये आल्फ्रेड म्योलर यानं शैवाकातली बुरशी शेवाळाशिवाय एकटी वाढवली. म्हणजे जोडी लावता येते आणि तोडताही येते. आणखी काय पुरावा हवा? तरी वाद पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअट्रिक्स पॉटरनं शैवाकाचं हे दुहेरी रूप शोधलं आणि बाई म्हणून तिला डावललं गेलं, अशी पोस्ट अधूनमधून फिरत असते. पॉटरचा जन्म १८६६ चा. श्वेंडेनर राइनफेल्डनच्या सभेत बोलला तेव्हा ती एक वर्षाची होती. तिनं पुढे बुरशी आणि शैवाकांची अप्रतिम चित्रं काढली, लंडनच्या लिनियन सोसायटीत १८९७ मध्ये तिचा निबंधही सादर झाला. पण तो निबंध अळंबीच्या बीजाणूंच्या उगवणीवर होता.

शैवाकं सोडली, धागे सोडले नाहीत

स्वतः श्वेंडेनर या भांडणात फार काळ रमला नाही. १८६९ नंतर त्याचं लक्ष दुसरीकडे वळलं. एवढासा गवताचा दांडा वाऱ्यात मोडत कसा नाही? त्यानं दांड्यांचे आडवे काप घेतले आणि त्यातले चिवट तंतू कुठे बसवलेले आहेत ते मोजलं. पूल बांधणारा इंजिनिअर लोखंडी तुळई जशी बेततो, कमी मालात जास्त ताकद, तसेच हे तंतू बसवलेले असतात हे त्यानं १८७४ च्या ग्रंथात दाखवलं. वनस्पतीच्या अवयवाची रचना त्याच्या कामावरून समजून घ्यायची, ही त्याची रीत. त्याच्या काळात तो या कामासाठी जास्त ओळखला गेला. १८७७ मध्ये ट्युबिंगेन, १८७८ मध्ये बर्लिन अशा मोठ्या जागा त्याला मिळाल्या आणि बर्लिनमध्ये त्यानं तीसेक वर्षं विद्यार्थी घडवले. १९१० मध्ये तो निवृत्त झाला. त्याची जागा घेतली ती त्याच्याच तालमीत तयार झालेल्या गॉटलिब हाबरलांट यानं.

बाझेलच्या दिवसांत मात्र एक विलक्षण योग घडून गेला. १८६९ मध्ये, म्हणजे श्वेंडेनरची शेवाळांची यादी छापली गेली त्याच वर्षी, फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर ट्युबिंगेनच्या किल्ल्यातल्या प्रयोगशाळेत दवाखान्यातल्या जखमांच्या पट्ट्या धुऊन त्यातल्या पुवाच्या पेशी तपासत होता. त्या पेशींच्या केंद्रकातून त्यानं एक नवाच पदार्थ वेगळा काढला आणि त्याला न्यूक्लीन म्हटलं. आज आपण त्याला डीएनए म्हणून ओळखतो. १८७२ मध्ये मीशर बाझेल विद्यापीठात प्राध्यापक झाला. पुढची पाच वर्षं, श्वेंडेनर गाव सोडेपर्यंत, डीएनए शोधणारा आणि शैवाकाचे दोन जीव वेगळे करणारा हे दोघे एकाच विद्यापीठात शिकवत होते. या दोन शोधांची एकमेकांशी गाठ पडायला मात्र शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

२७ मे १९१९ रोजी, वयाच्या नव्वदीत, श्वेंडेनर बर्लिनमध्ये वारला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं.

दारावरची पाटी कोणाची?

त्याच्या मृत्यूपर्यंत दोन जिवांचं म्हणणं बहुतेकांनी मान्य केलं होतं. पण कागदावर काहीच बदललं नव्हतं. १९२२ पासून व्हिएन्नाच्या त्सालब्रुकनर यानं जगातल्या शैवाकांची दहा खंडांची महासूची काढली, तीही शैवाकांचा वेगळा गट धरूनच. एका घरात दोन कुटुंबं राहतात हे सगळ्यांना ठाऊक, पण दारावर पाटी एकच आणि ती कोणाची ते कोणीच सांगत नाही, असा प्रकार.

पाटीचा निकाल लागला १९५० मध्ये, स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत. नियम झाला की शैवाकाला दिलेलं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव मानायचं. शेवाळाचं नाव वेगळं. दोनच वर्षांनी स्वीडनच्या रोल्फ सांटेसननं पानांवर वाढणाऱ्या शैवाकांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात शैवाकांचा वेगळा गट मोडून त्यांना थेट इतर बुरशींच्या कुळांमध्ये नेऊन बसवलं. श्वेंडेनरनं सांगितलेलं वर्गीकरणात उतरायला ८५ वर्षं लागली.

पण प्रश्न अर्धाच सुटला होता. बुरशीच्या कुळात बसवायचं हे ठरलं, पण कोणत्या कुळात? वाट्या, बीजाणू, रंग, रसायनं यांवरून अंदाज बांधता येतो. मात्र शेवाळ सांभाळायचं काम करणाऱ्या दोन बुरशी एकमेकींच्या नात्यातल्या नसल्या तरी सारख्या दिसू लागतात. कामामुळे आलेलं साम्य कोणतं आणि रक्ताचं नातं कोणतं, हे डोळ्यांना कळत नाही.

इथे डीएनए आला.

काम साधारण असं चालतं. शैवाकाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, कुटायचा आणि त्यातला डीएनए वेगळा करायचा. पण या अर्कात एकट्या बुरशीचा डीएनए नसतो. शेवाळाचा असतो, बॅक्टेरियांचा असतो, शैवाकावर चढलेल्या फुकट्या बुरशींचाही असतो. मग डीएनएचे असे छोटे तुकडे वापरतात की जे फक्त बुरशीच्याच डीएनएला चिकटतील. पीसीआर यंत्रात मग तेवढ्याच भागाच्या लाखो प्रती निघतात. कोविडच्या काळात नाकातला नमुना घेऊन जी चाचणी व्हायची तेच हे तंत्र. नंतर त्या भागातली अक्षरं वाचायची आणि दुसऱ्या शैवाकांच्या अक्षरांशेजारी मांडायची. फरक थोडे असतील तर नातं जवळचं, फरक जास्त असतील तर दूरचं. अशा शेकडो तुलनांवरून संगणक वंशवृक्ष काढतो.

कोणता भाग वाचायचा यातही शहाणपण आहे. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची जनुकं सगळ्याच सजीवांत असतात आणि फार हळू बदलतात. दूरची नाती शोधायला ती बरी. त्या जनुकांच्या मधल्या फटीत आयटीएस नावाचा तुकडा असतो, तो भराभर बदलतो. जवळच्या जाती ओळखायला तो कामी येतो. २०१२ मध्ये बुरशींच्या ओळखपत्रासाठी अधिकृतपणे याच तुकड्याची शिफारस झाली.

आणि या सगळ्या खटाटोपात बुरशीचाच डीएनए निवडायचा, हा निर्णय येतो कुठून? शैवाकात दोन जीव आहेत हे आधी माहीत असल्यामुळेच. ते माहीत नसतं तर दोन घराण्यांची कागदपत्रं एकाच फायलीत लागली असती.

डीएनएनं काय काय उलटंपालटं केलं

श्वेंडेनरच्या बाजूनं एक जबरदस्त साक्ष १९९१ मध्ये मिळाली. जंगलात दोन शैवाकं शेजारी सापडतात. एक रुंद हिरव्या पानासारखं, दुसरं बारीक करड्या झुडपासारखं. दोघांना वेगळ्या प्रजातींची नावं होती. डीएनए वाचला तर दोन्हीतली बुरशी एकच निघाली. हिरव्या शेवाळाशी घरोबा केला की ती पानासारखी वाढते, निळ्या-हिरव्या सायनोबॅक्टेरियाशी केला की झुडपासारखी. कधी कधी तर दोन्ही रूपं एकाच शैवाकावर जोडलेली असतात. नुलांडरला हे दाखवता आलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

१९९५ मध्ये सायन्स या नियतकालिकात चार संशोधकांनी रायबोसोमच्या जनुकांवरून वंशवृक्ष मांडला. निष्कर्ष असा की बुरशींनी शेवाळासोबत राहायला एकदा सुरुवात केली आणि पुढे तेच घराणं वाढलं, असं झालेलं नाही. हा घरोबा किमान पाच वेळा स्वतंत्रपणे सुरू झाला. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांनी एकच धंदा धरावा, तसं. म्हणजे शैवाक हे घराणं नाही, तो पेशा आहे. अकारियसपासून चालत आलेली शैवाकांची एकसंध जमात वंशावळीत कुठेच नाही.

२००१ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासानं आणखी धक्का दिला. हा पेशा धरणाऱ्यांपेक्षा सोडणारे जास्त असावेत, असं त्यातून निघालं. त्या हिशेबानं पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचे पूर्वज कधीकाळी शेवाळ सांभाळत होते. या निष्कर्षावर मात्र एकमत नाही. पुढे जास्त जाती आणि जास्त जनुकं घेऊन केलेल्या अभ्यासांत चित्र बदललं. २०१९ च्या एका अभ्यासात तर असं निघालं की आजच्या शैवाकांची घराणी जमिनीवर मोठ्या वनस्पती आल्यानंतरची आहेत. जमिनीवर पहिल्यांदा शैवाकांनीच पाय रोवले, या लाडक्या कल्पनेला त्यातून आधार मिळत नाही.

जातींच्या पातळीवर तर धमालच उडाली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत पंख्यासारखं दिसणारं कोरा नावाचं शैवाक आहे. अनेक वर्षं ती एकच जात समजत. २०१४ मध्ये आयटीएस वाचून बघितलं तर १२६ जाती निघाल्या, आणि एकूण संख्या चारशेच्या पुढे जाईल असा अंदाज बांधला गेला. दुसरीकडे उलटंही झालं. अकारियसच्या मोठ्या पार्मेलिया प्रजातीचे विसाव्या शतकात बारीकसारीक खुणांवरून अनेक तुकडे पाडले होते. डीएनएनं त्यातले बरेच तुकडे पुन्हा जोडले. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलात अनेक जाती मिसळलेल्या असतात, पण त्यातली मुख्य जात ज्या पार्मोट्रेमा प्रजातीत मोडते, तिच्यातही अशाच काही छोट्या प्रजाती २००५ च्या सुमारास विलीन झाल्या.

सह्याद्रीतल्या झाडांच्या सालीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघांची शैवाकं दिसतात, जणू कोणी मोडीत खरडून ठेवलंय. हे ग्राफिडेसी कुळ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या कुळावर बरंच काम केलेलं आहे. रेघा असल्या तर हे कुळ आणि सालीत खळग्यांसारखे ठिपके असले तर थेलोट्रेमेसी, अशी जुनी वाटणी होती. डीएनए म्हणाला, खळगेवाले रेघवाल्यांच्याच पोटात आहेत. कुळ एकच.

आणि मग २०१६. उत्तर अमेरिकेत झाडांवरून केसांसारखी लोंबणारी ब्रायोरियाची दोन शैवाकं आहेत. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ती शिजवून खातात. दुसरं पिवळसर आणि विषारी. नावं वेगळी, पण बुरशीच्या जनुकांत फरक सापडेना, शेवाळही तेच. मग टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी फक्त बुरशीचा ठरलेला भाग न वाचता शैवाकात जी जी जनुकं चालू होती ती सगळीच वाचली. त्यात एक तिसराच भिडू निघाला. एक यीस्ट, तीही मुख्य बुरशीपासून फार दूरच्या घराण्यातली. शैवाकाच्या बाहेरच्या सालीत ती राहत होती आणि पिवळ्या विषारी शैवाकात तिचं प्रमाण जास्त होतं. नंतरच्या अभ्यासांत ही यीस्ट सगळ्याच शैवाकांत सापडत नाही हे दिसलं, तिचं नेमकं काम काय यावर वाद चालूच आहे.

श्वेंडेनरची दोनाची बेरीज त्यामुळे काही शैवाकांत तीन झाली. स्टॉकहोमचा नियम मात्र तसाच आहे. शैवाकाचं नाव मुख्य बुरशीचं, शेवाळाचं नाव वेगळं, आणि सालीतल्या यीस्टलाही आता तिचं स्वतःचं नाव मिळालेलं आहे.